निवडणूक याचिकेला कालमर्यादा हवीच

मतदार पाच वर्षांसाठी आमदार निवडतो. वादग्रस्त निकालाचा निवाडाही त्याच मुदतीत लागायला हवा. विलेपार्ल्याच्या डिसेंबर १९८७ च्या पोटनिवडणुकीतील डॉ. रमेश प्रभू यांची निवड मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब १९९५ मध्ये झाले, तोवर त्या विधानसभेची मुदत केव्हाच संपली होती. लोकप्रतिनिधित्व कायदा याचिकाकर्त्याला याचिका दाखल करायला ४५ दिवसांची सक्त मुदत देतो. उच्च न्यायालयाने मात्र सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, एवढेच म्हणतो. घाईत पुराव्यांची छाननी कच्ची राहील, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावरचा उपाय रोजच्या रोज सुनावणी हा आहे, तारखांमागून तारखा हा नव्हे. सभागृह विसर्जित झाल्यावर लागलेला निकाल मतदाराला त्याचा हक्काचा प्रतिनिधी देऊ शकत नाही.