विश्लेषण : इटलीत संज्ञापन शिकायचे, पण कोणत्या भाषेत?

संज्ञापन आणि इटालियन संस्कृती या विषयांचे अभ्यासक्रम इटलीतील अनेक विद्यापीठांत आता इंग्रजीतूनही शिकता येतात. सरकारी विद्यापीठांचे शुल्क ब्रिटन-अमेरिकेपेक्षा बरेच कमी असल्याने भारतीय विद्यार्थ्यांचा तिकडचा ओढा वाढला आहे. मात्र इटालियन न शिकता इटालियन संस्कृती कितपत हाती लागते, हा प्रश्न प्रवेश अर्ज भरताना सहसा कोणी विचारत नाही. इटलीत तो थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला होता.

मिलानचा वाद काय होता?

मिलानच्या पॉलितेक्निको या तंत्रविद्यापीठाने 2012 मध्ये सगळे पदव्युत्तर आणि पीएचडी अभ्यासक्रम केवळ इंग्रजीतून चालवण्याचे ठरवले. जगभरातून विद्यार्थी यावेत, हा हेतू. विद्यापीठातलेच अनेक प्राध्यापक याविरोधात न्यायालयात गेले. 2017 मध्ये घटनात्मक न्यायालयाने निकाल क्रमांक 42 दिला. इंग्रजीतून काही अभ्यासक्रम चालवायला हरकत नाही, पण संपूर्ण अभ्यासशाखेतून इटालियन हद्दपार करता येणार नाही, असा त्याचा आशय. देशाची भाषा ही संस्कृतीची वाहक आहे आणि विद्यापीठाच्या स्वायत्ततेच्या नावाखाली तिला दुय्यम ठरवता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. हा वाद अभियांत्रिकी आणि वास्तुकलेच्या विद्यापीठातला. संज्ञापनासारख्या विषयाला तो कितीतरी अधिक लागू पडतो.

टीव्हीने भाषा कशी घडवली?

इटलीचे एकीकरण 1861 मध्ये झाले, तेव्हा राष्ट्रभाषा बोलणारे किती होते? भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजानुसार जेमतेम अडीच टक्के. बाकी लोक नेपल्स, व्हेनिस, सिसिली इथल्या आपापल्या बोलींत व्यवहार करत. शाळा, सैन्यभरती आणि शहरांकडचे स्थलांतर यांनी चित्र हळूहळू बदलले, पण घराघरांत इटालियन पोहोचवण्यात टीव्हीचा वाटा मोठा. ‘राय’ या सरकारी वाहिनीचे नियमित प्रक्षेपण 3 जानेवारी 1954 रोजी सुरू झाले. 1960 ते 1968 या काळात आल्बेर्तो मांझी हे शिक्षक छोट्या पडद्यावरून निरक्षर प्रौढांना लिहा-वाचायला शिकवत होते. कार्यक्रमाचे नाव होते ‘नॉन ए माय त्रोप्पो तार्दी’, म्हणजे ‘कधीच फार उशीर झालेला नसतो’.

याच टीव्हीकडे उम्बेर्तो एको यांनी अभ्यासकाच्या नजरेने पाहिले. प्रश्नमंजूषेचा लोकप्रिय सूत्रसंचालक माइक बोंजोर्नो लोकांना का आवडतो, यावर त्यांनी 1961 मध्ये निबंध लिहिला. त्यांचे उत्तर बोचरे होते: तो अगदी सामान्य आहे, म्हणून. त्याची भाषा साधी, प्रेक्षकाला न्यूनगंड न देणारी. पुढे एको यांनी बोलोन्या विद्यापीठात चिन्हशास्त्र आणि संज्ञापनाच्या अभ्यासाचा पाया घातला. आजही या विषयाच्या विद्यार्थ्याला एको टाळता येत नाहीत. पण बोंजोर्नोचे इटालियन किती साधे होते, हे अनुवाद वाचून कळत नाही, त्यासाठी कान तयार लागतो.

प्रत्यक्ष शिक्षण कसे असते?

अमेरिकी विद्यापीठांचा एक वेगळाच संसार फ्लॉरेन्समध्ये आहे. सिराक्यूज विद्यापीठाचे केंद्र तिथे 1959 पासून आहे, न्यूयॉर्क विद्यापीठाचेही आहे. एक सत्र, इंग्रजी व्याख्याने, संग्रहालयांच्या भेटी आणि परत. अनुभव म्हणून छान, पण स्थानिकांशी संबंध बहुधा कॉफीच्या काउंटरपुरता. शहराच्या जुन्या भागात पर्यटक आणि अल्पकाळ राहणाऱ्यांमुळे घरभाडी इतकी चढली, की 2023 मध्ये नगरपालिकेला नव्या अल्पकालीन भाडेघरांवर निर्बंध आणावे लागले.

दुसऱ्या टोकाला पेरूजा. तिथे केवळ परदेशी विद्यार्थ्यांना इटालियन भाषा-संस्कृती शिकवण्याचे वर्ग 1921 मध्ये सुरू झाले आणि त्यांतून विद्यापीठ उभे राहिले. आता तिथे संज्ञापनाच्या पदव्याही मिळतात. शिवाय दर वसंतात शहरात आंतरराष्ट्रीय पत्रकारिता महोत्सव भरतो.

कुठेही पदवीसाठी गेले, तरी भारतीय विद्यार्थ्याला पहिला धक्का बसतो तो तोंडी परीक्षेचा. अनेक विषयांत प्राध्यापकासमोर बसून उत्तरे द्यायची. गुण 30 पैकी, उत्तीर्ण होण्यासाठी 18 हवेत. मिळालेले गुण पसंत नसतील तर ते नाकारून पुन्हा परीक्षेला बसण्याची पद्धतही आहे. आपल्याकडे पुरवण्या भरून उत्तीर्ण होण्याची सवय असते, तिथे समोरच्याच्या नजरेला नजर देऊन मुद्दा मांडावा लागतो. संज्ञापनाचे याहून चांगले प्रात्यक्षिक कोणते?

भारतीय विद्यार्थ्यांसाठी काय महत्त्वाचे?

सरकारी विद्यापीठांत शुल्क सहसा कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते आणि प्रादेशिक शिष्यवृत्त्या परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत. त्यासाठी उत्पन्नाची कागदपत्रे अनुवादित आणि प्रमाणित करून घ्यावी लागतात. हे काम वेळखाऊ आहे, ते व्हिसाच्या घाईत उरकत नाही. पोहोचल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा असतो.

नोव्हेंबर 2023 मध्ये भारत आणि इटली यांच्यात स्थलांतर व गतिशीलता करार झाला. त्यानुसार शिक्षण पूर्ण केलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना कामाचा पहिला अनुभव घेण्यासाठी 12 महिन्यांपर्यंत इटलीत राहता येते. आयटी किंवा अभियांत्रिकीच्या पदवीधराला या मुदतीत इंग्रजीवर नोकरी मिळू शकते. जाहिरात, जनसंपर्क, वृत्तमाध्यमे, संग्रहालये यांत मात्र ग्राहक, वाचक आणि प्रेक्षक इटालियन असतात, त्यामुळे कामही बहुतांशी इटालियनमधूनच चालते. दोन वर्षे इंग्रजी वर्गांत काढून, पदवी हातात पडल्यावर भाषेच्या शिकवणीला जाणाऱ्याचे हे 12 महिने क्रियापदांची रूपे पाठ करण्यातच संपतात. म्हणून पेरूजा किंवा सिएना इथल्या परदेशीयांसाठीच्या विद्यापीठांची भाषा-प्रमाणपत्रे पहिल्या वर्षातच मिळवणे सोयीचे. त्या परीक्षेतही तोंडी भाग असतोच.