मशीन बंद आहे, उद्या या!

खरिपाच्या पीकविम्याची मुदत संपत आली की गावोगावच्या सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. मागच्या एका हंगामात अशाच रांगेत एक वयस्कर शेतकरी भेटले. सातबारा, पासबुक, पेरणीचं घोषणापत्र सगळं पिशवीत नीट ठेवलेलं. पण सलग तिसऱ्या दिवशी त्यांना एकच उत्तर मिळत होतं, "मशीन बंद आहे, उद्या या."

मी आत जाऊन पाहिलं. मशीन चालू होतं. फक्त पडद्याच्या कोपऱ्यात तारीख २०१५ सालची दिसत होती. तारीख चुकली की संगणक सरकारी संकेतस्थळांवर विश्वास ठेवत नाही, पान उघडायचं नाकारतो. लोक म्हणतात सर्व्हर डाऊन आहे. खरं कारण म्हणजे आतल्या पाटीवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. सीआर २०३२ नावाचा हा ३ व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. पन्नास रुपयांच्या आत काम झालं, तारीख नीट लावली आणि बाबांचा अर्ज त्याच दुपारी भरला गेला. त्यांचे तीन दिवस मात्र बुडाले ते बुडालेच.

माझं म्हणणं एवढंच आहे, की संगणकाचा आपण उगीच बाऊ केला आहे. विहिरीवरची मोटार उचलत नसेल तर शेतकरी लगेच मोटार वर काढत नाही. आधी लाईट बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. हीच पद्धत संगणकाला लावली, तर बऱ्याच तक्रारी घरच्या घरी मिटतात. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार होतो. वायर ढिली असते आणि बिल मदरबोर्डचं निघतं.

संगणक अजिबात सुरू होत नसेल तर पहिल्यांदा बोर्डाच्या सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा. तिथे वीज असेल तर डब्याच्या मागची काळी वायर काढून पुन्हा घट्ट बसवा. तिच्या शेजारी एक छोटा खटका असतो, झाडताना तो बंद होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग यूपीएस बाजूला ठेवून वायर थेट बोर्डाला लावा. आता चालू झाला तर दोष यूपीएसचा. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम टाकते. वीज जाताच संगणक लगेच बंद पडत असेल तर तीच खूण समजा. बॅटरी बदलून मिळते, अख्खा यूपीएस टाकून द्यायची गरज नाही.

डब्यातला पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो, ही दुसरी तक्रार. आधी मॉनिटरची वायर दोन्ही बाजूंनी बघा. तरीही काळाच असेल, किंवा आतून पीं पीं असा आवाज येत असेल, तर बहुतेक वेळा रॅमची पट्टी हललेली किंवा तिच्यावर कळकट थर बसलेला असतो. वीज पूर्ण तोडा, डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. पट्टी काढा, तिची सोनेरी कड पेन्सिलीच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि दोन्ही बाजूंचे चाप 'टक्' वाजेपर्यंत परत दाबून बसवा.

दहा-पंधरा मिनिटं चालून आपोआप बंद पडत असेल तर तो बहुधा उष्णतेचा त्रास आहे. आपल्याकडे सोयाबीन, तुरीच्या मळणीत उडणारा भुसा खिडकीतून थेट डब्यात जातो. वर्षातून दोनदा, मळणी आटोपल्यावर आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, मऊ ब्रशने पंखे आणि जाळ्या साफ करा. हवेने झाडताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ओलं फडकं आत घालू नका. जिथे तिथे भोकं उघडी असतील ती जाळीने बंद करा. उंदराने कुरतडलेली वायर मी स्वतः पाहिली आहे.

डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते दुखणं संगणकाचं नसून अर्थिंगचं आहे. मोटारीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकावं लागतं, हे आपल्याला माहीत आहे. तीच गोष्ट ग्रामपंचायतीच्या आणि घरच्या अर्थिंगची. मृगाच्या विजा कडाडू लागल्या, की विजेचा प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढून ठेवा.

पण कुठे थांबायचं हेही कळलं पाहिजे. ज्या पेटीत विजेची वायर जाते ती एसएमपीएस नावाची पेटी कधीही उघडू नये, प्लग काढल्यावरही तिच्यात जोराचा झटका साठलेला असतो. ती बिघडली तर अख्खी बदलावी. दुसरं, जुन्या हार्डडिस्कमधून टक टक आवाज यायला लागला तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. मशीन बंद करा आणि जाणत्या माणसाकडे न्या. सुटे भाग बाजारात मिळतात, आत साठवलेलं दप्तर मिळत नाही. बियाणं एकाच कणगीत ठेवू नये, तसा हिशेबही एकाच डिस्कवर ठेवू नये. आठवड्याला एक नक्कल वेगळ्या पेन ड्राइव्हवर हवीच.

आता दोन शब्द ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्या बोलीतल्या ग्रामसेवक भाऊसाहेबांसाठी. लोकसेवा हक्क कायदा २०१५ साली आला आणि अधिसूचित सेवांना मुदती ठरल्या. अशी मुदत एका सेलवर अडावी, हे कुणालाच शोभत नाही. केंद्रचालकाला दोष देऊन भागणार नाही. त्याला फॉर्म भरायला शिकवलं, डबा उघडायला कुणी शिकवलंच नाही. उलट, हात लावलास तर भरून द्यावं लागेल अशी भीती घातली. वॉरंटी आहे तोवर डब्याला हात लावू नये हे बरोबर, पण वॉरंटी संपून वर्षं झालेली यंत्रंही धूळ खात पडून राहतात.

उपाय फार खर्चाचा नाही. केंद्रात एका डब्यात दोन सेल, एक जादा वायर, ब्रश, खोडरबर आणि पेचकस ठेवा. एक वही ठेवा: कधी बंद पडलं, काय तपासलं, कशाने सुरू झालं. चालकाला चार गोष्टी दाखवायला गावातला मोटार भरणारा कारागीरही चालेल, त्याला वीज कळते. आणि शेतकरी बंधूंनो, तुम्हीही "मशीन बंद आहे" ऐकून मुकाट्याने माघारी फिरू नका. विचारा, "साहेब, बंद म्हणजे नेमकं काय झालंय? वायर बघितली का? तारीख बघितली का?"

मोटार बंद पडली तर पीक वाळतं म्हणून आपण रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जातो. गावातला संगणक बंद पडला तरी कुणाचं तरी पीक वाळतंच, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.