यादीबाहेरचा माणूस

१९९४ सालची गोष्ट. अमेरिकेतील आयोवा राज्यात, सीडर फॉल्स गावच्या हाय-व्ही नावाच्या किराणा दुकानात तेवीस वर्षांचा एक तरुण रात्रपाळीत फळ्यांवर डबे आणि खोकी रचत होता. मजुरी ताशी ५.५० डॉलर. पुढे सहा वर्षांच्या आत, ३० जानेवारी २००० रोजी, हाच तरुण अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, म्हणजे ‘सुपर बोल’मध्ये, सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचे नाव कर्ट वॉर्नर.

या खेळाला फुटबॉल म्हणायचे खरे, पण त्यातला लांबट चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. तो कोणाकडे फेकायचा हे क्षणार्धात ठरवणारा ‘क्वार्टरबॅक’ हा संघाचा मेंदू. वॉर्नर हा क्वार्टरबॅक.

तिकडे महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची दर वर्षी वसंतात वाटणी होते. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आदल्या मोसमात सर्वांत खाली राहिलेला संघ पहिली निवड करतो, मग क्रमाने बाकीचे. १९९४ मध्ये सात फेऱ्यांत २२२ खेळाडू निवडले गेले. वॉर्नर त्यांत नव्हता. निवडणारे आंधळे होते असेही नाही. आयोवातल्याच एका फारशा गाजावाजा नसलेल्या विद्यापीठात तो शेवटच्या वर्षापर्यंत राखीव बाकावरच होता. एक वर्ष खेळायला मिळाले, त्यात तो चमकला. पण एका वर्षाच्या पुराव्यावर कोण पैसा लावणार?

खरी मेख पुढे आहे. वरच्या क्रमांकावर घेतलेल्या खेळाडूवर संघ पैसा ओततो, आणि पैसा ओतला की धीरही धरावा लागतो. तो चुकला तर ‘शिकतो आहे’ म्हणतात. यादीबाहेरचा चुकला तर ‘म्हणूनच घेतला नव्हता’ म्हणतात. वॉर्नरला ग्रीन बे संघाने शिबिराला बोलावले खरे, पण तिथे त्याच्यापुढे तीन क्वार्टरबॅक होते. मोसम सुरू होण्याआधीच त्याला निरोप मिळाला. मग ते दुकान आणि त्या फळ्या.

घरची ओढाताणही होती. त्याची मैत्रीण ब्रेंडा दोन मुलांची आई होती. थोरल्या मुलाला तान्हेपणीच मेंदूला इजा झालेली, दृष्टी अधू. १९९७ मध्ये लग्न झाल्यावर वॉर्नरने दोन्ही मुले रीतसर दत्तक घेतली.

दरम्यान त्याला एक आडवाट सापडली होती. अमेरिकेत त्या काळी बंदिस्त सभागृहात खेळला जाणारा ‘अरीना फुटबॉल’ हा प्रकार चालत असे. मैदान पन्नास यार्डांचे, एका बाजूला आठच खेळाडू, विचाराला सवड नाही. १९९५ ते १९९७ अशी तीन वर्षे वॉर्नर तिथे आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून खेळला आणि झटकन चेंडू सोडण्याची सवय त्याच्या हातांत मुरली. नंतर १९९८ मध्ये युरोपातील लीगमध्ये ॲमस्टरडॅमच्या संघाकडून तो खेळला आणि मग सेंट लुईस रॅम्समध्ये राखीव म्हणून दाखल झाला. १९९९ च्या आरंभी क्लीव्हलंडच्या नव्या संघासाठी प्रत्येक संघाने काही खेळाडू मोकळे ठेवले. रॅम्सने त्यांत वॉर्नरलाही ठेवले, तरी क्लीव्हलंडने त्याला उचलले नाही. म्हणजे यादीने त्याला दुसऱ्यांदा वगळले!

त्याच ऑगस्टमध्ये सरावाच्या एका सामन्यात रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन याचा गुडघा दुखावला आणि वॉर्नरला उभे राहावे लागले. आदल्या वर्षी सोळांपैकी चारच सामने जिंकलेल्या संघाने त्या मोसमात तेरा जिंकले. वॉर्नरच्या पासांवर ४१ टचडाउन झाले. अंतिम सामन्यात टेनेसीशी १६-१६ अशी बरोबरी असताना, जेमतेम दोन मिनिटे उरली असता, त्याने आयझॅक ब्रूसला दिलेल्या ७३ यार्डांच्या पासने विजय खेचून आणला.

ही गोष्ट मुलांना सांगताना आपण बहुधा एवढ्यावरच थांबतो आणि म्हणतो, ‘बघा, जिद्द असली की सारे जमते!’ मला हे तात्पर्य अर्धवट वाटते. ट्रेंट ग्रीनकडे काय जिद्द कमी होती? तोही १९९३ मध्ये शेवटच्या, आठव्या फेरीत कसाबसा निवडला गेलेला. त्याचा गुडघा शाबूत राहता तर वॉर्नर आज कोणाला आठवला असता? आणि तेवढीच मेहनत करूनही फळ्यांपाशीच राहिलेल्यांवर चित्रपट निघत नाहीत. वॉर्नरवर तो २०२१ मध्ये निघाला.

शिवाय यादी सहजासहजी पाठ सोडत नाही. दोनदा मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरूनही, २००४ मध्ये न्यूयॉर्कला त्याला बाजूला सारून त्या वर्षीच्या पहिल्या निवडीला, एली मॅनिंगला, पुढे करण्यात आले. वॉर्नरने ॲरिझोनाला जाऊन पुन्हा जागा मिळवली, सदतिसाव्या वर्षी संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले, आणि तिथे तो २७-२३ असा हरला. २०१७ मध्ये त्याला खेळाच्या सन्मान-दालनात स्थान मिळाले.

मला या कहाणीत महत्त्वाची वाटते ती आडवाट. यादी करणाऱ्यांची चूक होणारच. तेही माणसेच आहेत. प्रश्न असा, की चूक दुरुस्त व्हायला दुसरे दार कुठे आहे? वॉर्नरला तशी दोन दारे मिळाली. त्यांतले युरोपातील लीगचे दार २००७ मध्ये बंद झाले.

निकालाच्या दिवशी घरोघरी मुलांची नावे यादीत शोधली जातात. ज्याचे नाव सापडत नाही, त्याला वॉर्नरची गोष्ट जरूर सांगावी. पण ‘तूही तसाच होशील’ असे खोटे आश्वासन देऊन नव्हे. यादी हा एका दिवसाचा अंदाज असतो, एवढेच त्याला सांगावे. आणि मग आपण वडीलधाऱ्यांनी स्वतःला विचारावे, की या पोरासाठी दुसरे एखादे दार आपण उघडे ठेवले आहे का?