‘मंजूर करण्यात येत आहे’

मराठीतील ग्रामीण साहित्याची समीक्षा गेली कित्येक दशके जमिनीविषयी बोलत आली आहे. काळी आई, मातीची ओढ, दुभंगलेला गोतावळा ही तिची ठरलेली परिभाषा. या परिभाषेवर चर्चासत्रे होतात, प्रबंध सिद्ध होतात. मात्र ज्या कागदावर शेत हे शेत म्हणून संपते आणि भूखंड म्हणून जन्माला येते, तो कागद या समीक्षेने वाचल्याचे ऐकिवात नाही. तो कागद म्हणजे रेखांकन मंजुरीचा आदेश. तालुक्याच्या गावाला लागून असलेला एकरभर तुकडा, त्यात पंधरा-वीस प्लॉट, मधून एक रस्ता. गावाच्या बोलीत ‘लेआउट पास झाला’. आमचे म्हणणे एवढेच की, हा आदेश ही एक संहिता आहे, आणि ती वाचण्याची साधने ज्यांच्याजवळ आहेत त्या मराठी विभागांनीच तिच्याकडे पाठ फिरवली आहे.

प्रथम तिचे मुख्य वाक्य पाहावे. ‘सदर रेखांकनास खालील अटींच्या अधीन राहून मंजुरी देण्यात येत आहे’ हा त्याचा सर्वपरिचित साचा. मंजुरी कोण देत आहे? वाक्यात कर्ता नाही. कागदाच्या तळाशी मुख्याधिकाऱ्यांची सही असते, पण सही करणारा आणि निर्णय घेणारा यांच्यातील नाते व्याकरणाने पुसून टाकलेले असते. जिच्या हद्दीत हे घडते त्या नगरपरिषदेचे निवडून आलेले सभासद आणि त्यांना निवडणारे नागरिक या वाक्यात कोठेही नाहीत. नाव असते ते फक्त अर्जदाराचे.

हा केवळ शैलीचा दोष मानला तर फसगत होईल, कारण वाक्याची रचना कायद्याच्या रचनेतूनच आलेली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागविण्याची तरतूद आहे. म्हणजे संपूर्ण गावाचा नकाशा बदलताना नागरिकाला निदान तोंड उघडता येते. एकेका रेखांकनाच्या वेळी मात्र तसे नाही. कलम ४४ खाली अर्ज येतो, कलम ४५ खाली निर्णय होतो. शेजाऱ्यास नोटीस देण्याचे बंधन नाही. साठ दिवसांत निर्णय कळवला गेला नाही, आणि प्रस्ताव नियमांत बसत असला, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. कलम ४७ अन्वये अपील करता येते, पण कोणाला? अर्जदाराला. ज्याच्या शेताची वहिवाटीची पाणंद त्या प्लॉटांखाली जाणार आहे, ज्याच्या दारात त्या उतारावरचे पाणी येणार आहे, त्याला हा कायदा अपिलाचे दार ठेवत नाही. त्याने उच्च न्यायालयात जावे, असे कोणी म्हणेल. पाणंदीसाठी उच्च न्यायालय गाठणारा शेतकरी आम्हांस तरी कादंबरीतच भेटू शकेल!

आता ‘लहान’ या विशेषणाकडे वळू. लहान रेखांकनाने असे काय बिघडते, असा प्रश्न नेहमी येतो. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार रेखांकनात दहा टक्के मोकळी जागा सोडण्याचे बंधन मुख्यतः ०.४ हेक्टर, म्हणजे ४००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक क्षेत्राला आहे. त्याखाली सवलती व अटी निराळ्या. चाळीस गुंठे म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. एकोणचाळीस गुंठे म्हणजे सुमारे ३९४६. एका गुंठ्याच्या फरकाने चार गुंठ्यांचे अंगण राहते किंवा जाते. अशी लहान रेखांकने एकाला एक लागून होत गेली की मुलांना खेळायला, म्हाताऱ्यांना टेकायला जागा नसलेली वसाहत उभी राहते, आणि प्रत्येक कागद आपापल्या जागी निर्दोष असतो. लहानपण ही येथे पळवाट होऊ शकते.

याला जोडून आणखी एक शब्द पाहण्यासारखा आहे: ‘नियमितीकरण’. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली कायदा झाला. तुकडे पडतच राहिले. मग २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने १ जानेवारी २००१ पर्यंतचे तुकडे शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट काढली, आणि २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. नियम मोडणाऱ्या वास्तवाला ‘नियमित’ म्हणणारी ही भाषा आमच्या शब्दशक्तींच्या वर्गात लक्षणेचे उदाहरण म्हणून शिकवावी इतकी बोलकी आहे. रेखांकन मंजूर करून घेणे सामान्य माणसाला न परवडण्याइतके अवघड ठेवायचे, आणि तो गुंठ्याने घेऊन फसला की त्याच्यावर उपकार केल्यासारखे त्याला नियमित करायचे, हा या शब्दाचा खरा अर्थ.

आक्षेप दोन आहेत. पहिला असा, की हरकतींची सुनावणी ठेवली तर विलंब वाढेल, अडवणूक वाढेल, आणि घर घेणाऱ्या गरिबाचेच नुकसान होईल. अडवणुकीची भीती खोटी नाही. पण अडवणूक बंद दाराआड अधिक सोयीने होते. अर्ज व नकाशा पंधरा दिवस नगरपरिषदेच्या फलकावर आणि प्रत्यक्ष जागेवर लावला, तर साठ दिवसांची मुदत मोडत नाही. उलट प्लॉट घेणाऱ्यालाही आपण रस्ता विकत घेतो की ओढा, हे आधी कळते.

दुसरा आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंचा: हा विषय नगररचनाकारांचा, साहित्याच्या अध्यापकांना त्याचे काय? १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर हा कारभार मराठीतून चालावा म्हणून आपण आग्रह धरला. तो मराठीत आला. आता ती मराठी कोणाला बोलू देते आणि कोणाला गप्प बसवते, हे तपासण्याची वेळ आली तर आपण अंग काढून घ्यायचे? मराठीच्या व्यावहारिक मराठीच्या तासाला आपण विद्यार्थ्यांकडून काल्पनिक अर्ज लिहून घेतो. त्याऐवजी आपल्या गावातील एका रेखांकनाचा आदेश माहितीच्या अधिकारात मिळवून त्यांच्यापुढे ठेवावा. कर्ता शोधा, म्हणावे. ज्याला बोलायला हवे होते, पण जो या कागदात नाही, त्याचे नाव समासात लिहा. गोतावळ्यावर आणखी एक प्रबंध लिहिण्याआधी एवढे तरी झाले पाहिजे.