बोलायला शिकायला कॉलेज कशाला?

बी. ए. ला मुख्य विषय म्हणून ‘संज्ञापन’ घेतला आहे असे सांगितले, की बहुतेकांना तो शब्दच कळत नाही. आणि ज्यांना कळतो त्यांना हसू येते. आमच्या शेजारचे तात्या तर तोंडावर म्हणाले, “पोरी, बोलायला शिकायला कॉलेज कशाला लागतं?” कॉलेजातही निराळे नाही. अर्थशास्त्राची मंडळी आमच्या वर्गाला ‘बडबड मंडळ’ म्हणतात.

ही थट्टा मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. थोरल्या भावाने दहावीनंतर गॅरेजात काम धरले, म्हणून माझी फी भरली जाते. तेव्हा तीन वर्षे आणि भावाचा पैसा खर्चून मी नेमके काय शिकते आहे, याचा हिशेब मला द्यायलाच हवा.

विरोधकांचे म्हणणे असे, की या विषयाला स्वतःचे अंगच नाही. थोडे मानसशास्त्र, थोडे समाजशास्त्र, थोडी भाषा आणि वर कॅमेऱ्याची फोडणी! त्यापेक्षा एखाद्या भक्कम विषयात पदवी घ्यावी आणि मग वृत्तविद्येची पदविका करावी. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. वृत्तविद्येचे शिक्षण १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात सुरू झाले, पुणे विद्यापीठात १९६४ मध्ये. पुष्कळ वर्षे पदवीनंतरच तिकडे वळण्याची रीत होती. पण बातमी लिहिण्याचा धंदा शिकणे वेगळे आणि एका माणसाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोचते कसे, किंवा पोचत का नाही, याचा अभ्यास करणे वेगळे. हा दुसरा अभ्यास म्हणजे संज्ञापन.

तो गोड बोलणाऱ्यांचा अभ्यास आहे हा समज तर पार चुकीचा. विल्बर श्रॅम यांनी १९४७ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात संज्ञापन संशोधनाची संस्था उभी केली. या विषयाला विद्यापीठात जागा मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव पहिले घेतात. हे श्रॅम लहानपणापासून बोलताना अडखळत. शाळेच्या पदवीदान समारंभात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याने भाषण करायचे असते. श्रॅम यांनी त्याऐवजी बासरी वाजवली! बोलणे कुठे अडते हे, मला वाटते, अडखळणाऱ्यालाच अधिक कळत असावे.

पण अमेरिकेला कशाला जायचे? १९५६ च्या सुरुवातीला आपल्याच मुलखात, पुणे आकाशवाणीच्या मदतीने एक प्रयोग झाला. युनेस्कोचा त्याला हातभार होता. पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशे गावांत सुमारे वीस-वीस जणांचे गट बसवले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि आपल्या शंका आकाशवाणीला कळवायच्या. असे वीस कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. काही गावांत नुसता रेडिओ होता, चर्चा नव्हती. काही गावांत रेडिओही नव्हता. या गावांशी तुलना केली, तेव्हा दिसले ते असे : जेथे लोक ऐकून एकमेकांशी बोलले, तेथे त्यांच्या माहितीत मोठी भर पडली. जेथे नुसता रेडिओ वाजत होता, तेथे त्या मानाने फारच थोडी.

ही गोष्ट उपजत अकलेने सांगता आली असती का? मोठ्यांदा आणि पुन्हा पुन्हा सांगितले की लोकांना कळते, असेच आपण धरून चालतो. आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, दिवसाला शंभर निरोप येऊन पडतात. म्हणजे गावाला शंभर गोष्टी कळल्या काय?

गेल्या वर्षी आमच्या गावात एका कार्यालयाबाहेर सूचना लागली : ‘उपरोक्त विषयान्वये संबंधितांनी विहित नमुन्यात विहित मुदतीत अर्ज सादर करावेत.’ आई लिहायला-वाचायला शिकलेली आहे. तिने ती दोनदा वाचली आणि आपल्यासाठी नसेल म्हणून घरी आली. ती सूचना तिच्याचसाठी होती. मला कळेपर्यंत मुदत उलटून गेली होती. सूचना लावणाऱ्याच्या दृष्टीने काम झालेले होते. कागद भिंतीवर होता ना! या ‘काम झाले’मध्ये आमच्यासारख्यांचे किती नुकसान होते, याची नोंद कुठल्या वहीत होत असेल?

म्हणून मी म्हणते, हा विषय पदवीला हवा; आणि तो शहरातल्या मुलांपेक्षा आम्हाला अधिक हवा. मात्र आज तो ज्या रीतीने शिकवला जातो, त्याबद्दल माझी तक्रार आहे. आम्ही परीक्षा मराठीत देतो, पण पुस्तके बहुतेक इंग्रजी. उदाहरणे न्यूयॉर्कची. पुण्याच्या त्या रेडिओ-प्रयोगाला आमच्या टिपणांत एक ओळसुद्धा नाही. मला तो ग्रंथालयात सापडला. कार्यानुभवासाठी शहरात राहायचे, तर खोलीचे भाडे कोणी द्यायचे? ‘संज्ञापन कौशल्य’ म्हणून जे शिकवतात, त्यात हस्तांदोलन कसे करावे आणि मुलाखतीला कसे बसावे हेच पुष्कळ. समोरच्याचे ऐकून कसे घ्यावे याला एकही तास नाही.

माझ्या मते तीन गोष्टी कराव्यात. मराठीत चांगली पाठ्यपुस्तके लिहावीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाच्या जोडीला दुय्यम विषय घेण्याची सोय आहे, तिचा उपयोग करून संज्ञापनाबरोबर अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्रासारखा विषय घ्यायला लावावा. कारण सांगण्याजोगे काही ठाऊक नसेल, तर नुसते सांगता येऊन काय उपयोग? आणि कार्यानुभव तालुक्यातच द्यावा. ग्रामसभेत बसावे, कोण बोलतो आणि कोण गप्प राहतो ते टिपावे, दवाखान्यातली सूचना माणसांना कळते का ते विचारून पाहावे.

या पदवीने नोकरी हमखास मिळेल असे मी कोणाला सांगणार नाही. वर्तमानपत्रांत जागा थोड्या, उमेदवार फार. पण दवाखाना, शेतीखाते, बँक, पंचायत, जिथे जिथे लोकांना काही कळवायचे असते, तिथे तिथे ते नीट कळवणारा माणूस लागतो. तशी माणसे नेमावीत ही मागणीसुद्धा आपणच केली पाहिजे. पुढच्या वर्षी मुख्य विषय निवडणाऱ्या मित्रमैत्रिणींनी थट्टेला भिऊन हा विषय टाळू नये, आणि पडद्यावर झळकायला मिळेल म्हणून घेऊही नये. आपल्या गावातली भिंतीवरची एखादी सूचना आधी वाचून पाहावी आणि मग ठरवावे.