चप्पल, कांदा आणि पहिली दहा मिनिटे

शिक्षक दिनाचे हार सुकत नाहीत तोच सप्टेंबरचा दुसरा शनिवार येतो. तो जागतिक प्रथमोपचार दिन, हे बहुतेक शाळांच्या गावीही नसते.

वर्गात मुलाला फिट आली की आजही आधी चप्पल शोधली जाते, नाहीतर खिचडीच्या खोलीतून कांदा मागवला जातो. कोणी दातांत चमचा घालतो. करायचे असते ते थोडकेच. बाके बाजूला सारायची, घड्याळ पाहायचे, मुलाला कुशीवर वळवायचे; झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत तर 108. गांगरलेल्या गुरुजींना दोष कसा द्यावा? त्यांना हे शिकवले कोणी?

सापाचेही तेच. नोव्हेंबर 2019मध्ये केरळातील वायनाड जिल्ह्यात, सुलतान बत्तेरीच्या शाळेत, पाचवीतल्या मुलीला वर्गातच साप चावला. दवाखान्यात न्यायला उशीर झाला, असे तिच्या वर्गातली मुले सांगत राहिली. मुलगी वाचली नाही. आपल्याकडे तर पावसाळाभर घोणस, फुरसे, मण्यार निघतातच. करकचून दोरी बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने विष ओढणे, हे सगळे आधी विसरायला शिकवले पाहिजे. पाय हलू द्यायचा नाही, मुलाला चालवायचे नाही आणि प्रतिविष असलेले रुग्णालय लवकरात लवकर गाठायचे. प्रतिविष कुठे मिळते, हे त्या दिवशी शोधून कसे चालेल?

हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचे तंत्र मात्र सांगून येत नाही. मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाची किमान 5 सेंटिमीटर खोल. धडधाकट माणसावर याचा सराव करता येत नाही; पुतळाच लागतो. व्हॉट्सॲप गटावर एक चित्रफीत टाकायची आणि ‘प्रशिक्षण पूर्ण’ असा अहवाल वर धाडायचा, यात आपला हात कोण धरणार!

निवडणूक, जनगणना, खिचडी, ऑनलाइन माहिती, त्यात हे आणखी एक, अशी शिक्षकांची कुरकुर होईल आणि ती रास्त आहे. म्हणून नवे काही लादू नये. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद होतेच. शाळा उघडतानाची एक दरवर्षी यासाठी राखावी. ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर, एक परिचारिका, एक पुतळा आणि प्रत्येक शिक्षकाची पाळी. शिक्षणाधिकाऱ्यांनी पुढच्या जूनची तारीख आजच लिहून ठेवावी.