राज्यालाही अन्याय्य लाभ होतो

राज्याला अन्याय्य लाभ होऊच शकत नाही, असे एक मत आपल्या कायद्यात पंचवीसहून अधिक वर्षे ठाण मांडून आहे. त्याचा उगम मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर १९९६ मध्ये तो निकाली काढला. न्या. जीवन रेड्डी यांच्या निकालपत्राचा आशय असा होता, की राज्य म्हणजे जनता आणि जनतेला अन्याय्य लाभ झाला असे कोणालाच म्हणता येणार नाही. पुढे सरकारी वकिलांना आणि भूसंपादन अधिकाऱ्यांना हा विचार सोयीचा वाटला नसता तरच नवल. तो त्याच्या जागी ठीक होता. जमिनीच्या प्रश्नाला तो लावणे चूक आहे.

मूळ वाद अबकारी कराचा होता. कारखानदार कर भरतो, तो मालाच्या किमतीत मिळवतो आणि गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. पुढे तो कर बेकायदा ठरला आणि कारखानदार परतावा मागायला आला, तर त्याचे नेमके काय बुडाले होते? काहीच नाही. भार सोसला हजारो अनोळखी गिऱ्हाइकांनी आणि त्यांना शोधून काढणे अशक्य. अशा वेळी तो पैसा कारखानदाराच्या खिशात जाण्यापेक्षा लोकांच्या तिजोरीत राहिलेला बरा, हे न्यायालयाचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण तिथे राज्याच्या बाजूने उभे राहायला एक ठोस कारण होते. ज्याने मागितले, त्याचे नुकसान झालेलेच नव्हते.

शेतकऱ्याची जमीन रस्त्याखाली जाते, तेव्हा तो हा तोटा कोणावर ढकलणार? पीक बुडते त्याचे, वारसांचा वाटा बुडतो त्याचा. इथे राज्य म्हणजे जनता असे म्हणणे याचा अर्थ एवढाच, की रस्ता सर्वांनी वापरायचा आणि त्याची किंमत एकाने भरायची.

हिमाचल प्रदेशातील हमीरपूर जिल्ह्यात १९६७-६८ मध्ये हेच घडले. नादौन-सुजानपूर रस्त्यासाठी एका निरक्षर विधवेची जमीन भूसंपादन न करताच घेतली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले, तेव्हा तिचे वय ऐंशीच्या घरात होते. राज्याचे म्हणणे काय? बाईंनी उशीर केला. त्यांची तोंडी संमती होती. आणि चाळीसहून अधिक वर्षे आमचा ताबा आहे, म्हणजे प्रतिकूल ताब्याने जमीन आमचीच झाली!

तोंडी संमतीचा पुरावा राज्याजवळ नव्हता. उशिराचा आक्षेप त्याहून पोकळ, कारण मोबदला देण्याचे कर्तव्य राज्याचे होते आणि ते रोज नव्याने मोडले जात होते. शिवाय ज्या काळी ही जमीन गेली, त्या काळी मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्क होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत राहिला नाही, तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावता येणार नाही असे सांगणारा अनुच्छेद ३००-अ शिल्लक आहेच. प्रतिकूल ताब्याबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. मुदतीच्या कायद्यानुसार ताबा गमावलेल्या खासगी मालकाला जमिनीवर दावा करण्याची मुदत १२ वर्षे, तर सरकारच्या दाव्याची ३०; ती संपली की मालकाचा हक्क बुडतो. म्हणजे कायद्याने आधीच सरकारला झुकते माप दिलेले आहे. तेच सरकार नागरिकाच्या जमिनीवर बारा वर्षांचा हिशेब मांडू लागले, तर रक्षणाची शपथ घेतलेल्यानेच कुंपण हलवले असे होईल. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने हा बचाव फेटाळला आणि मोबदला द्यायला लावला.

महाराष्ट्राने या निकालाकडे परक्या प्रांताची बातमी म्हणून पाहू नये. ठाण्याजवळच्या शिरवणे गावातील जमिनीसाठी १९६४ मध्ये अधिसूचना निघाली, ताबा औद्योगिक विकास महामंडळाकडे गेला, पण काही शेतकऱ्यांच्या बाबतीत मोबदल्याचा निवाडाच झाला नाही. नव्याने अधिसूचना काढून मोबदला ठरवा, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला २०१२ साल उजाडावे लागले. मधल्या काळात ती जमीन कारखानदारी आणि शहराच्या वाढीच्या ऐन मोक्याच्या पट्ट्यात आली होती. या वाढीचा लाभ ज्याच्या हाती ताबा होता, त्यालाच झाला.

आता तिजोरीवाल्यांचा आक्षेप. आजच्या भावाने मोबदला दिला, तर शेतकऱ्यालाच घबाड मिळेल, असे ते म्हणतात. पण भाव वाढत असताना त्याच्या हाती ना जमीन होती ना पैसा. राजस्थानातील बिछडी गाव रसायनांनी नासवणाऱ्या उद्योगाने सफाईचे पैसे थकवले, तेव्हा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ३७ कोटी रुपयांवर १२ टक्के चक्रवाढ व्याज लावले. दुसऱ्याचा पैसा अडवून ठेवणाऱ्याला अडवल्याचा फायदा मिळता कामा नये, हे त्यामागचे सूत्र. उद्योगाला चक्रवाढ व्याज लावायचे आणि सरकारी खात्याला मात्र नुसती मुद्दल द्यायला सांगून सोडायचे, हा भेद कशाच्या आधारावर? माझी मागणी स्पष्ट आहे. जिथे निवाड्याशिवाय ताबा घेतला, तिथे भावाबरोबरच ताब्याच्या सर्व वर्षांचा वापर-मोबदलाही चक्रवाढ व्याजासह द्यावा. आणि शेतकरी कोर्टात येईपर्यंत वाट पाहू नये. कोणत्या रस्त्याखालची जमीन सातबाऱ्यावर अजून शेतकऱ्याच्याच नावाने आहे, हे तलाठ्याच्या दप्तरात पाहता येते. महसूल खात्याने तालुकावार तशी यादी करून ग्रामपंचायतीत लावावी आणि निवाडे स्वतःहून करावेत.